रुळला तो एकटाच: कॅरी कुटुंबाची बंगालमधली पहिली चौदा वर्षं

मराठी मुद्रणाचा इतिहास वाचताना विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याचं नाव टाळता येत नाही. 1805 साली त्यानं मराठीचं इंग्रजीतलं व्याकरण छापलं, 1810 मध्ये मोडी अक्षरांतला मराठी कोश काढला, 1811 मध्ये बायबलचा नवा करार मराठीत आणला. तेही महाराष्ट्रात पाऊल न ठेवता, कलकत्त्याजवळ सेरामपूरला बसून, वैजनाथ पंडितांच्या मदतीनं. (सेरामपूर म्हणजे बंगाल्यांचं श्रीरामपूर, आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे.) आपल्याकडे कॅरीची ओळख साधारण इथेच संपते. ज्या घरात हे काम चाललं होतं, त्याच घरात त्याची बायको डोरोथी 1807 पर्यंत वेडाच्या भरात, बहुतेक काळ कोंडलेल्या अवस्थेत राहत होती, हे फारसं कुणी सांगत नाही.

हे प्रकरण त्या घराचं आहे. मिशनरी कुटुंब परमुलखात कसं रुळलं, असं विचारलं की उत्तर बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाकडून मिळतं. इथेही कागदपत्रांचा तुटवडा नाही. कॅरीची रोजनिशी आहे, त्याला पाठवणाऱ्या इंग्लंडमधल्या मिशनरी सोसायटीला लिहिलेली पत्रं आहेत, सहकाऱ्यांच्या नोंदी आहेत. डोरोथी त्यांत भेटते ती दुसऱ्यांच्या लेखणीतून. त्यामुळे ती काय म्हणाली यापेक्षा तिच्यापुढे काय वाढून ठेवलं होतं, ते पाहणं जास्त भरवशाचं.

इंग्लंड सोडण्याआधी

नॉर्थम्प्टनशायरमधल्या पिडिंग्टन गावी 10 जून 1781 रोजी दोघांचं लग्न झालं. तो एकोणीस वर्षांचा, चांभारकाम शिकलेला, ती पंचविशीची. चर्चच्या नोंदवहीत तिनं सहीच्या जागी फुली मारली. पुढच्या बारा वर्षांत दोन मुली लहानपणीच गेल्या, तीन मुलगे जगले. कॅरी जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला, शाळा चालवली, पाद्री झाला आणि लेस्टरच्या चर्चमध्ये स्थिरावला. डोरोथीच्या दृष्टीनं संसाराला तेव्हा कुठे जरा बरे दिवस आले होते.

1792 साली कॅरीनं परदेशी धर्मप्रचाराची बाजू मांडणारी एक पुस्तिका छापली. तिच्यात या प्रकरणासाठी फार महत्त्वाचा एक परिच्छेद आहे. निदान दोघांनी मिळून जावं, ते शक्यतो विवाहित असावेत, आणि त्यांचा वेळ पोटापाण्याच्या व्यवस्थेत जाऊ नये म्हणून आणखी दोन-तीन कुटुंबं सोबत असावीत, ज्यांनी फक्त शेती, गुरं आणि घरची बेगमी बघावी, असं तो सांगतो. सोबत काय न्यावं याची यादीही आहे: गाय, बैल, बियाणं, मासेमारीचं सामान, बंदुकीची दारू. माणूस स्वप्नाळू होता, पण हिशेब कळत होता.

त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला केटरिंगमध्ये बारा पाद्र्यांनी बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी काढली. जमलेल्या वर्गणीचा आकडा होता तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स. तीन-चार महिन्यांत जायचं ठरलंही. सोबत कोण? जॉन थॉमस, बंगालमध्ये राहून आलेला एक डॉक्टर. मनानं उदार, हातानं सैल आणि कर्जात बुडालेला. दोन-तीन मदतनीस कुटुंबांची योजना पुस्तिकेतच राहिली.

डोरोथीनं चक्क नाही म्हटलं. तिला दिवस गेले होते, पदरात लहान मुलं होती, आणि समुद्र तिनं कधी पाहिल्याचा संभवही कमीच. कॅरी मग थोरल्या फेलिक्सला घेऊन एप्रिल 1793 मध्ये जहाजावर चढला. बायको नंतर येईल किंवा आपण तीन-चार वर्षांनी तिला न्यायला येऊ, असा विचार होता. थॉमसचे सावकार आणि कंपनी सरकारचा परवाना नसणं, या दोन गोष्टींमुळे दोघांना आइल ऑफ वाइटजवळच उतरवून देण्यात आलं. हा अडथळा आला नसता तर डोरोथी इंग्लंडलाच राहिली असती.

मे महिन्यात जेबेझ जन्मला. कॅरी परत येऊन विचारून गेला, तिनं पुन्हा नकार दिला. मग थॉमस एकटा तिच्याकडे गेला आणि आली नाहीस तर जन्मभर पस्तावशील, अशा अर्थाचं बोलला. धाकटी बहीण किटी बरोबर येत असेल तर येते, या अटीवर डोरोथी तयार झाली. घाईघाईत चंबूगबाळं आवरलं, आणि 13 जून 1793 रोजी डोव्हरहून एका डॅनिश जहाजानं सगळे निघाले. बाळ जेमतेम दीड महिन्याचं होतं.

याला संमती म्हणायचं का? जुन्या चरित्रकारांना हा प्रसंग देवाचीच योजना वाटतो. मला इथे एक बाळंतीण दिसते, जिला भीती घालून होकार मिळवला गेला. सोसायटीनं तिच्याशी स्वतंत्रपणे बोलणी केली नाहीत, कारण सोसायटीच्या लेखी मिशनरी एकच होता. बाकीचे त्याचं सामान.

पाव, वाघ आणि उसनी घरं

नोव्हेंबर 1793 मध्ये ते कलकत्त्याला पोचले. पैसा थॉमसच्या हाती होता आणि थॉमसनं शहरी थाटात राहून तो थोड्याच दिवसांत उडवला. कॅरी बायकामुलांना घेऊन आधी बांडेलला, मग माणिकतल्याला एका स्थानिक सावकारानं राहायला दिलेल्या छोट्या घरात, आणि फेब्रुवारी 1794 मध्ये नावेतून थेट सुंदरबनात देभाट्याला गेला. जमीन फुकट मिळत होती, जंगल तोडायचं होतं, वाघांचा वावर होता. मिठाच्या कामावर नेमलेला चार्ल्स शॉर्ट नावाचा इंग्रज अधिकारी तिथे राहत होता. त्यानं ओळखदेख नसताना या सगळ्यांना आपल्या बंगल्यात ठेवून घेतलं.

डोरोथी आणि फेलिक्सला रक्ती आव लागली होती. या काळातल्या कॅरीच्या रोजनिशीत बायको आणि मेहुणी आपल्याला सतत बोल लावतात, अशी तक्रार आहे. तक्रारीचं कारणही त्यानं लिहून ठेवलंय. ज्यांना त्या जीवनावश्यक म्हणतात त्या गोष्टी इथे मिळत नाहीत, विशेषतः पाव. थॉमस शहरात ऐषारामात राहतो आणि आपण रानात भातकालवणावर, याचाही त्यांना राग होता. कॅरीच्या लिखाणाचा सूर असा, की या बायकांना कार्याचं महत्त्व समजत नाही.

हा पावाचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये. घरचं अन्न शिजवणं हा डोरोथीचा आयुष्यभराचा हातखंडा होता. गहू, भट्टी, विस्तव, बाजारहाट, सगळं तिला अनोळखी झालं. बोलता येत नसल्यानं नोकराला साधं काम सांगायचं तरी नवरा किंवा थॉमस हवा. पाव गेला तेव्हा तिच्या हातचं कामच गेलं. नेमक्या याच महिन्यांत कॅरी मात्र आपले मुन्शी रामराम बसू यांच्याकडे रोज बंगाली शिकत होता. त्याच्या दिवसाला आकार होता. शब्द शिकायचा, वाक्य करायचं, बाजारात जाऊन चार लोकांशी बोलून बघायचं, चुकायचं, परत यायचं. अडचणी दोघांना सारख्याच. त्याच्याकडे त्या अडचणींचं काहीतरी करण्याची सोय होती.

मदनाबाटी

1794 च्या उन्हाळ्यात थॉमसच्या ओळखीनं जॉर्ज उडनी या कंपनीच्या अधिकाऱ्यानं माल्द्याच्या उत्तरेला मदनाबाटीच्या निळीच्या कोठीवर कॅरीला व्यवस्थापक नेमलं. पगार दरमहा 200 रुपये. कॅरीनं लगेच सोसायटीला कळवलं की आता मला तुमच्या पैशांची गरज नाही. यावर इंग्लंडमधल्या काहींनी, मिशनरी व्यापारी तर होत नाही ना, अशी काळजी व्यक्त केली. पत्राचं उत्तर यायला वर्षाहून अधिक लागायचं, त्यामुळे हा वाद तेव्हाही शिळाच असायचा.

कुटुंबाच्या दृष्टीनं पैशाची विवंचना मिटली, पण दुसरीच गोष्ट तुटली. किटी शॉर्टकडे मागे राहिली. पुढे तिनं त्याच्याशी लग्न केलं. ज्या एका अटीवर डोरोथी घर सोडून निघाली होती, ती अट वर्षभरातच मोडली. यात कुणाचा दोष नव्हता. किटीला तिचं आयुष्य होतं. पण मदनाबाटीत डोरोथीला इंग्रजीत बोलायला नवरा आणि मुलं सोडून रोजचं असं कुणी उरलं नाही.

पावसाळ्यानंतर तापाची साथ आली. कॅरी स्वतः अंथरुणाला खिळला. ऑक्टोबरमध्ये पाच वर्षांचा पीटर आव होऊन गेला.

पीटरला पुरण्याची हकीकत कॅरीनं लिहून ठेवली आहे, आणि त्या एका दिवसात परमुलखातलं जगणं म्हणजे काय ते सगळं येतं. कोठीवर नेहमी सुतार कामाला असत. एकही शवपेटी करायला तयार होईना. कॅरीच्या हाताखाली दोन-तीनशे माणसं होती. खड्डा खणायला कुणी पुढे येईना. शेवटी चार मुसलमान एकमेकांच्या आधारानं तयार झाले. मृतदेह उचलायला कुणीच नाही. सात-आठ मैलांवर माणूस पाठवून शोध केला. आता आपण दोघांनीच पोराला उचलून न्यायचं, असं नवरा-बायकोनं ठरवलं. तेवढ्यात घरातला मेहतर आणि जातीबाहेर पडलेला एक मुलगा कसेबसे राजी झाले. पुढे त्या चार खणणाऱ्यांवर गावच्या मुसलमान मुखियानं बहिष्कार घातला: त्यांच्यासोबत कुणी खायचं नाही, प्यायचं नाही, हुक्का ओढायचा नाही.

गावकऱ्यांच्या बाजूनं पाहिलं तर यात क्रौर्य नव्हतं. परक्याचं प्रेत शिवणं म्हणजे आपल्या घरच्या लग्नाकार्यांवर पाणी सोडणं होतं, आणि त्या चौघांनी ती किंमत खरोखर मोजली. कोठीचा साहेब म्हणून कॅरीचा शब्द चालत होता तो निळीच्या कुंडापुरता. मर्तिकाला माणसं हुकमावर येत नाहीत, ती भावकीतून येतात, आणि या कुटुंबाला इथे भावकी नव्हती. जातिव्यवस्थेविषयी कॅरी पुढे जे पोटतिडकीनं लिहीत राहिला, त्याच्या मुळाशी हा दिवस असावा असं मला वाटतं.

1795 पासून डोरोथीचं मन ढळल्याच्या स्पष्ट नोंदी मिळतात. नवरा बाहेरख्याली आहे असा पक्का भ्रम तिच्या डोक्यात बसला. ती त्याच्या मागावर जाई, चारचौघांत आरोप करी, अंगावर धावून जाई. आजचा डॉक्टर याला भ्रमविकार म्हणेल. त्याची बीजं इंग्लंडलाच होती की नाही हे दोनशे वर्षांनी ठरवण्यात अर्थ नाही. या अवस्थेतच जानेवारी 1796 मध्ये जोनाथन जन्मला. ही आपल्यासाठी मृत्युछायेची दरी आहे, तरीही आपण इथे आहोत याचा आनंद आहे, असं कॅरीनं रोजनिशीत नोंदवलं. दोन्ही विधानं खरी असणार. त्याला धरून ठेवणारं दुसरं विधान डोरोथीला उपलब्ध नव्हतं.

वेड्यांच्या इस्पितळात टाकायचं त्यानं नाकारलं. त्या काळची इस्पितळं पाहता ही दयाच होती. पण घरी ठेवणं म्हणजे खोलीत कोंडणं, आणि मुलांनी ते ऐकत मोठं होणं.

सेरामपूरची सामायिक पंगत

ऑक्टोबर 1799 मध्ये जोशुआ आणि हॅना मार्शमन, विल्यम वॉर्ड आणि आणखी काही जण इंग्लंडहून आले. कंपनी आपल्या हद्दीत राहू देईना, म्हणून ते हुगळीच्या काठावर डेन्मार्कच्या ताब्यातल्या सेरामपूरला उतरले. त्यातला एक तीन आठवड्यांत वारला. 10 जानेवारी 1800 रोजी कॅरी कुटुंबासह तिथे दाखल झाला, आणि 1792 च्या पुस्तिकेतली योजना आठ वर्षं उशिरा अमलात आली.

सेरामपूरचे नियम पाहण्यासारखे आहेत. सगळी कुटुंबं एका आवारात, जेवण एका टेबलावर, कमाई एका पेटीत. प्रत्येकाला खर्चापुरते थोडे पैसे. घरकारभाराची जबाबदारी आळीपाळीनं. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी बसायचं आणि आठवड्याभरातले रुसवेफुगवे तिथेच मिटवायचे. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात जे काम एखादी आत्याबाई न बोलता करते, ते या लोकांनी वेळापत्रकात घातलं. शनिवारची ही बैठक मला त्यांच्या छापखान्याइतकीच मोलाची वाटते.

सगळ्यात मोठा फरक पडला तो मुलांना. फेलिक्स आणि विल्यम तोवर मोकाट वाढले होते. बाप सकाळपासून पंडितांबरोबर, आई कोंडलेली. बापाला हे दिसत होतं, वाईट वाटत होतं, पण धाक दाखवणं त्याच्या स्वभावात नव्हतं, असं हॅना मार्शमनचं निरीक्षण सांगितलं जातं. वॉर्डनं थोरल्याला छापखान्यात गुंतवलं. हॅनानं धाकट्यांचं खाणंपिणं, कपडे, अभ्यास पदरात घेतलं. शिवाय 1800 मध्येच सुरू झालेल्या निवासी शाळांचा कारभार पेलला, ज्यांच्या कमाईवर मिशन बऱ्याच अंशी चाललं. तीही परक्या मुलखात आली होती, तिचीही मुलं पुढे दगावली. पण तिच्याकडे स्वतःचं काम होतं आणि त्या कामाला मिशनमध्ये मान होता. सोसायटीच्या पगारपत्रकात तिचं नाव नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

डोरोथीला या घडीचा फायदा झाला नाही. फार उशीर झाला होता. 28 डिसेंबर 1800 रोजी सेरामपूरच्या घाटावर कृष्ण पाल या सुताराचा आणि फेलिक्सचा बाप्तिस्मा झाला. सात वर्षांतला हा पहिला बंगाली अनुयायी. सोहळ्याला डॅनिश गव्हर्नर हजर होता. त्याच वेळी आवारात एका खोलीत डोरोथी आणि दुसरीकडे थॉमस, दोघंही भ्रमिष्ट अवस्थेत ओरडत होते. हो, थॉमससुद्धा. इतक्या वर्षांनी हाताला यश आलेलं पाहून त्याचंच मन सुटलं. पुढच्याच वर्षी तो वारला.

1801 पासून कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृत, आणि पुढे मराठीही शिकवू लागला. पगार दरमहा 500 रुपये, पुढे 1000. जवळजवळ सगळा सामायिक पेटीत. आठवड्यातले काही दिवस कलकत्त्याला, बाकीचे सेरामपूरला. मराठी व्याकरणाची मुद्रितं याच येरझाऱ्यांत तपासली गेली असणार. 8 डिसेंबर 1807 रोजी डोरोथी तापानं वारली.

तुलनेसाठी दुसरी बायको

सहा महिन्यांत कॅरीनं शार्लट रूमोर हिच्याशी लग्न केलं. घाई झाली म्हणून सहकारी कुरकुरले. शार्लट मूळची डेन्मार्ककडची, खानदानी, सुशिक्षित, पायानं अधू. हवापालटासाठी स्वतः ठरवून सेरामपूरला येऊन राहिलेली. घर स्वतःचं, पैसा स्वतःचा. ती बंगाली शिकली, मुलींच्या शाळांत लक्ष घातलं, नवऱ्याच्या भाषांतरांवर मत देऊ लागली. तेरा वर्षं संसार सुखाचा झाला. हवा तीच, ताप तेच, नवराही तोच.

म्हणून डोरोथीच्या बाबतीत हवामानाला किंवा श्रद्धेच्या कमतरतेला दोष देणारी स्पष्टीकरणं मला पटत नाहीत. शार्लटकडे निवड होती, भाषा होती, ओळखीची माणसं होती. डोरोथीकडून यातली एकेक गोष्ट क्रमानं गेली किंवा तिला ती मिळालीच नाही. आज एखाद्या संस्थेला कुटुंब दूर पाठवायचं असेल, मग ते धर्मप्रचारासाठी असो की इस्पितळ चालवायला, तर त्यांनी जोडीदाराशी वेगळं बसून बोलावं; भाषेचे तास दोघांनाही ठेवावेत; पहिल्या वर्षी कुटुंबाला एकटं कुठे टाकू नये. सेरामपूरकरांना यातलं बरंच पुढे स्वतःहून उमगलं होतं. सोसायटीला पहिल्या खेपेस विचारावंसं वाटलं नव्हतं, एवढंच.

मुलांचं काय झालं

विल्यम बंगालमध्येच मिशनचं काम करत राहिला. जेबेझ आधी मोलुक्का बेटांवर आणि नंतर अजमेरला गेला. जोनाथन कलकत्त्यात वकील झाला.

मुलांमध्ये सगळ्यांत जास्त रुळला तो फेलिक्स. इतका की बापालाच ते झेपेना. बंगाली त्याच्या तोंडात बसलेली, ब्रह्मी तो ब्रह्मदेशात जाऊन शिकला. 1807 मध्ये तो तिथे मिशनरी म्हणून गेला, पण लोकांना देवी टोचून देत तो राजदरबारापर्यंत पोचला. 1814 मध्ये इरावतीत नाव उलटून त्याची बायको-मुलं बुडाली आणि सोबतचा छापखानाही. त्यानंतर तो ब्रह्मी राजाचा दूत म्हणून कलकत्त्याला लवाजम्यासह आला, तेव्हा माझा मुलगा मिशनरीचा आक्रसून राजदूत झाला, असं कॅरीनं लिहिलं. काही वर्षं भटकून फेलिक्स सेरामपूरला परतला आणि शरीररचनाशास्त्रावरचा ग्रंथ त्यानं बंगालीत लिहिला. त्यासाठी पारिभाषिक शब्द त्याला संस्कृतातून स्वतः घडवावे लागले. 1822 मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, बापाच्या आधी बारा वर्षं तो गेला.